साक्षीदाराचे म्हणणे आणि भौतिकशास्त्राची कसोटी
(समृद्धी महामार्गावरील एका अपघाताच्या निमित्ताने)

अपघाताच्या ठिकाणी पोलीस पोहोचण्यापूर्वीच अपघाताचे कारण तेथे पोहोचलेले असते. ‘टायर फुटला’, ‘ब्रेक लागला नाही’, ‘समोरून जनावर आडवे आले’, ‘गाडी फार जोरात होती’ अशी चार-सहा कारणे आपल्या समाजात जणू तयारच ठेवलेली आहेत. घटनास्थळी जमलेल्या गर्दीतून त्यांपैकी एखादे पुढे येते, ते तोंडोतोंडी फिरते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते आणि पुढे कित्येक वर्षे तेच खरे मानले जाते. ते सांगणारा मनुष्य बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला जे वाटले तेच तो सांगत असतो. परंतु एखाद्याला वाटले ते आणि प्रत्यक्षात घडले ते, या दोहोंमधील अंतर मोजण्याचे साधन आपल्यापाशी आहे. इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील गतीचे नियम हे ते साधन होय. या लेखात त्याचा उपयोग कसा करावा, हे एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे पाहू.

ही घटना आपल्या परिसरातील आहे. दि. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खासगी प्रवासी बस समृद्धी महामार्गावर बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुटा येथे अपघातग्रस्त होऊन पेटली. बसमध्ये ३३ जण होते. त्यांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला व ८ जण वाचले. अनेक मृतदेहांची ओळखही पटू शकली नाही आणि बुलडाणा येथे सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. ही बस त्या रात्री आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथून समृद्धी महामार्गावर आली होती. शेलूबाजार, मालेगाव ही आपल्या नित्याच्या परिचयाची ठिकाणे मागे टाकून ती पुढे गेली. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अशाच रात्रीच्या बसने पुण्याला जातात. म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

साक्ष काय होती?

अपघातातून वाचलेल्यांमध्ये बसचा चालकही होता. बसचा टायर फुटला व त्यामुळे आपला ताबा सुटला, असे त्याने सांगितले. प्रारंभीच्या बातम्यांतही हेच कारण आले. ते सर्वांना पटण्याजोगे होते. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे, काँक्रीटवर टायर तापतात व फुटतात, हे आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीशी साक्ष जुळली की तिची तपासणी करण्याची इच्छाच उरत नाही.

पुढे अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने केलेल्या तपासणीत मात्र वेगळे चित्र दिसले. टायर फुटल्याचा पुरावा घटनास्थळी मिळाला नाही. रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते व टायरच्या खुणाही नव्हत्या. बस प्रथम रस्त्याच्या उजव्या बाजूच्या पोलादी खांबाला धडकली, त्यानंतर दुभाजकावर आदळली, त्या आघाताने पुढील अ‍ॅक्सल बसपासून सुटला, डिझेलची टाकी फुटली आणि आग लागली, असा क्रम त्या तपासणीतून पुढे आला. चालकाला डुलकी लागली असावी, ही शक्यताही तपासात व्यक्त झाली. चालकाचा दोष किती व कोणता, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपल्याला येथे एवढेच पाहावयाचे आहे की, ‘टायर फुटला’ या दोन शब्दांभोवती फिरणाऱ्या साक्षीची तपासणी विज्ञान कोणत्या पायऱ्यांनी करते.

पहिली पायरी : म्हणणे खरे मानून पुढे चला

साक्ष तपासताना प्रथम ती खरी आहे असे धरावे आणि मग विचारावे : हे खरे असेल तर रस्त्यावर, वाहनावर कोणत्या खुणा उरल्याच पाहिजेत?

मोठ्या बसच्या टायरमध्ये हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सात ते आठ पट असतो. असा टायर धावताना फुटला तर त्याचे तुकडे रस्त्यावर विखुरतात. हवा गेलेले चाक पुढे फिरत राहते, त्यामुळे सैल पडलेले रबर रस्त्यावर घासून पट्टा उमटतो. लोखंडी रिम काँक्रीटला टेकल्यास तेथे ओरखडा पडतो. त्या बाजूचा रोध वाढल्याने वाहन त्याच बाजूला ओढले जाते. म्हणजे उजवा पुढचा टायर फुटला तर बस उजवीकडे, दुभाजकाकडे जाईल.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. बस खरोखरच उजवीकडे गेली होती. दिशेपुरते पाहिले तर साक्ष खोटी ठरत नाही. मात्र झोपेच्या गुंगीत सुकाणू थोडे वळले तरीही बस उजवीकडे जाऊ शकते. जी खूण दोन्ही कारणांत सारखीच उमटते, ती त्या दोहोंमध्ये निवड करू शकत नाही. निवड करण्यासाठी अशी खूण शोधावी लागते जी एका कारणात असलीच पाहिजे व दुसऱ्यात असण्याचे कारण नाही. रबराचे तुकडे व घासल्याचा पट्टा ही तशी खूण आहे.

शिवाय ती खूण कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. दुभाजकावर आदळल्यानेही टायर फुटू शकतो. तेव्हा केवळ ‘टायर फाटलेला सापडला’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तुकडे पहिल्या धडकेच्या आधीच्या रस्त्यावर पडले असतील तर टायर आधी फुटला, आणि ते धडकेच्या पुढे पडले असतील तर धडकेमुळे फुटला. आधीच्या भागात शोध घेऊनही काही मिळाले नाही, तर ‘टायर आधी फुटला’ हे म्हणणे फार दुबळे होते. न सापडणे हा पुरावा केव्हा ठरतो? जेथे सापडावयास हवे होते तेथे नीट शोधल्यावरच. न शोधता ‘काही नव्हते’ म्हणणे हीदेखील एक ऐकीव साक्षच होय.

उष्णतेचा मुद्दाही आकड्यांत मांडून पाहावा. स्थिर आकारमानात वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. टायरमधील हवा ३० अंश सेल्सिअसवरून ७० अंशांवर गेली असे धरू. निरपेक्ष तापमान ३०३ वरून ३४३ होते, आणि दाबमापकावर ८ दाखविणारा काटा सुमारे ९.२ वर जातो, म्हणजे १५ टक्के वाढ. सुस्थितीतील टायर एवढी वाढ सहन करतो. टायर बहुधा जीर्ण झाल्याने, हवा कमी असताना सतत दुमडून आतून तापल्याने किंवा जादा भाराने फुटतात. आणि ही घटना भर उन्हाळ्याच्या दुपारची नसून जुलै महिन्यातील मध्यरात्रीनंतरची आहे, हेही विसरता कामा नये.

दुसरी पायरी : वेग मोजा, अदमास नको

‘गाडी भन्नाट वेगात होती’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अपघातात ऐकू येते. या बसविषयी काय सांगता येते? ती रात्री अकराच्या सुमारास कारंजा येथे महामार्गावर आली आणि दीडच्या सुमारास अपघात झाला. अंतर सुमारे १५० किलोमीटर, वेळ जवळपास अडीच तास. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी ६० किलोमीटरच्या थोडा वर येतो. तपासणीत अतिवेगाची शक्यता नाकारण्यात आली, त्यामागे हाच साधा हिशेब होता.

परंतु विद्यार्थ्यांनी येथेही सावध राहावे. सरासरी वेग म्हणजे त्या क्षणाचा वेग नव्हे. वाटेत दहा मिनिटे बस थांबली असेल तर उरलेल्या वेळेत ती अधिक वेगाने धावली असणार. सरासरी वेग एवढेच सांगतो की, बस संपूर्ण मार्गभर बेफाम धावत नव्हती. शेवटच्या मिनिटाचा वेग कळण्यासाठी वाहनातील वेगनोंद यंत्र, चित्रफीत किंवा रस्त्यावरील खुणा लागतात.

खुणांवरून वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे. चाके जाम होऊन वाहन घसरत थांबले, तर त्याची सर्व गतिज ऊर्जा घर्षणात खर्च होते. त्यावरून,

वेगाचा वर्ग = २ × घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण × घसरण्याचे अंतर.

या सूत्रात वाहनाचे वजन नाही, हे मुलांना नेहमी आश्चर्याचे वाटते. वजन वाढले की ऊर्जाही वाढते व घर्षणही तेवढेच वाढते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी निघून जाते. समजा, कोरड्या रस्त्यावर २० मीटर लांबीची खूण आहे व घर्षणगुणांक ०.७ आहे. वेगाचा वर्ग २७४ येतो, वेग सुमारे १६.६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. हीच खूण ओल्या रस्त्यावर असेल व गुणांक ०.४ धरला, तर वेग ताशी ४५ किलोमीटर येतो. रस्ता ओला होता की कोरडा, ही नोंद राहून गेली तर हिशेबात ताशी १५ किलोमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्याने एखादा निर्दोष मनुष्य दोषी ठरू शकतो. अलीकडच्या अनेक वाहनांत चाके जाम होऊ न देणारी ब्रेकप्रणाली असते. तेथे खुणा अंधुक उमटतात किंवा उमटतही नाहीत. म्हणून ‘खूण नाही, अर्थात ब्रेक दाबलाच नाही’ असा निष्कर्षही घाईने काढू नये.

तिसरी पायरी : वेळेचा हिशेब

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जागरूक चालकालाही सुमारे एक ते दीड सेकंद लागतो. ताशी ७० किलोमीटर वेगाने बस एका सेकंदात १९.४ मीटर पुढे जाते. दीड सेकंदात २९ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावून थांबण्यास आणखी सुमारे २८ मीटर. म्हणजे धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत ५७ मीटर.

आता ‘टायर फुटला, मी सुकाणू सावरले, ब्रेक दाबला, तरीही गाडी ऐकेना’ अशा स्वरूपाचे कथन कोणत्याही अपघातात कोणी केले, तर त्यातील प्रत्येक क्रियेला लागणारा वेळ मांडावा आणि त्या वेळात वाहन किती मीटर पुढे गेले असते ते काढावे. एवढे अंतर पहिल्या खुणेपासून धडकेच्या जागेपर्यंत आहे काय? नसेल तर कथनातील काही क्रिया नंतर मनाने भरलेल्या आहेत.

ऊर्जेचा हिशेबही असाच उद्बोधक आहे. १४ टन वजनाची बस ताशी ७० किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २६ लाख ज्यूल असते. तीच बस १९ मीटर उंचीवरून, म्हणजे सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडली तर जमिनीवर याच वेगाने आदळेल. अ‍ॅक्सल निखळून पडावा एवढी शक्ती कोठून आली, असे ज्यांना वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. ‘एवढे नुकसान झाले म्हणजे वेग शंभराच्या वरच असला पाहिजे’ हा तर्क यामुळे टिकत नाही.

डोळे आणि कान यांची मर्यादा

मग साक्षीदाराला चुकीचे का वाटते? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण भौतिक आहे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४५ मीटर जातो. महामार्गापासून अर्धा किलोमीटर अंतरावरील शेतात राखणीला असलेल्या माणसाला आवाज जवळजवळ दीड सेकंद उशिरा ऐकू येतो. तेवढ्यात बस आणखी २८ मीटर सरकलेली असते. आवाज ऐकून त्याने मान वळविली तेव्हा मूळ घटना घडून गेलेली असते. तो परिणाम पाहतो आणि कारण पाहिल्याचे सांगतो. बसच्या आत बसलेल्याची अडचण निराळी आहे. पोलादी खांबावर आदळण्याचा आवाज व टायर फुटण्याचा आवाज हे दोन्ही अचानक व मोठे असतात. अर्धवट झोपेत ऐकलेल्या धडाक्याला मन परिचयाचे नाव देते.

दुसरे कारण स्मरणशक्तीचे आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या धडकेच्या चित्रफिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचे सौम्य क्रियापद वापरले तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ५१ किलोमीटर आले. ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले तेव्हा ते ताशी सुमारे ६६ किलोमीटर झाले. चित्रफिती मात्र त्याच होत्या. दुसऱ्या एका प्रयोगात आठवडाभराने विचारले की, फुटलेली काच दिसली होती काय? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही कठोर क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी ‘होय’ म्हटले, तर सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. प्रश्नातील एका शब्दाने आठवणच बदलली. आपल्याकडे अपघातस्थळी ‘टायर फुटला का हो?’ असा प्रश्न विचारणारे दहाजण असतात. त्यातून उत्तर कसे घडते, हे यावरून समजावे.

केशपुत्ताच्या कालामांना तथागतांनी केवळ ऐकले म्हणून वा परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका असे सांगितले, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. साक्षीची तपासणी करणे म्हणजे साक्षीदाराचा अवमान करणे नव्हे, हे त्या उपदेशाच्या प्रकाशात सहज उमजावे.

यात पणाला काय लागले आहे?

कोणी म्हणेल, गेलेले गेले. टायर फुटला काय किंवा डुलकी लागली काय, फरक काय पडतो? फरक पुढच्या बसला पडतो. कारण टायर ठरले तर आपण टायर तपासू आणि थांबू. कारण चालकाचा थकवा ठरला तर रात्रीच्या बसला दुसरा चालक आहे काय, त्याला विश्रांती मिळते काय, हे विचारावे लागेल. आगीचे कारण नीट समजले तर डिझेलच्या टाकीची जागा व तिचे संरक्षण यांचा विचार करावा लागेल. ती बस डाव्या बाजूवर उलटली व दरवाजा खाली दबला. जे वाचले त्यांपैकी काहीजण काच फोडून बाहेर आले. म्हणजे संकटकालीन दार, काच फोडण्याची हातोडी आणि प्रवाशांना दिलेली माहिती यांवर किती जीव अवलंबून असतात, तेही कळते. ‘टायर फुटला’ हे उत्तर स्वीकारताच हे सारे प्रश्न न विचारता राहतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हीच कसोटी गरिबाला वाचवूही शकते. मोठ्या मोटारीने दुचाकीला उडविले आणि गर्दीतील वजनदार आवाजाने ‘दुचाकीवालाच आडवा आला’ म्हटले, तर ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही त्याच्यासाठी रस्त्यावरील खूण बोलते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विधवेला मिळणारी भरपाई अशा नोंदीवर अवलंबून असू शकते.

भौतिकशास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. बस कोणत्या दिशेने, किती वेगाने गेली, प्रथम कशावर आदळली, हे ते सांगू शकते. चालकाच्या मनात त्या क्षणी काय होते, हे ते सांगू शकत नाही. टायर फुटला नाही एवढे सिद्ध झाल्याने डुलकी आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा.

आपण काय करावे?

अपघात दिसल्यास प्रथम जखमींना मदत करावी व १०८ वर दूरध्वनी करावा. मोटार वाहन कायद्यातील कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण आहे. जीव वाचविण्याचे काम झाल्यावर, क्रेन येण्यापूर्वी व वाहतूक सुरू होण्यापूर्वी रस्त्याची छायाचित्रे घ्यावीत. खुणेशेजारी चप्पल, काठी अशी मापाची ओळखीची वस्तू ठेवावी. रस्ता ओला की कोरडा, हे लिहून ठेवावे. काचा, रबराचे तुकडे, सांडलेले तेल कोठे आहे ते टिपावे आणि कशालाही हात लावू नये. कोणाला विचारायचे झाल्यास ‘काय झाले?’ एवढेच विचारावे. उत्तर आपण सुचवू नये.

विद्यार्थ्यांसाठी उदाहरणे

१. साक्षीदार म्हणतो, दुचाकी ताशी ८० किलोमीटर वेगाने होती. कोरड्या रस्त्यावर (घर्षणगुणांक ०.७) घसरण्याची खूण १० मीटर आहे व त्यापुढे ती मोटारीवर आदळली. (दुचाकी खुणेच्या शेवटी जेमतेम थांबत आली असेल तर मूळ वेग ताशी सुमारे ४२ किलोमीटर येतो. साक्ष खरी ठरावयाची तर धडकेच्या वेळी वेग ताशी सुमारे ६८ किलोमीटर उरलेला असला पाहिजे. तेवढ्या आघाताची खूण दोन्ही वाहनांवर आहे काय, ते पाहा.)

२. अपघातस्थळापासून ६९० मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाने आवाज ऐकून मान वळविली. ट्रकचा वेग सेकंदाला २० मीटर होता व तो न थांबता पुढे सरकत राहिला. मान वळेपर्यंत ट्रक किती पुढे गेला? (आवाजाला २ सेकंद लागले, म्हणून किमान ४० मीटर.)

३. शाळेच्या मैदानावर घडलेली एखादी साधी घटना पाच मित्रांना आपापसांत न बोलता लिहावयास सांगा. पाचही कागद शेजारी ठेवून वाचा. कोणते मुद्दे पाचही कागदांत आहेत, कोणते एकातच आहेत, आणि त्यांपैकी कोणते मैदानावर जाऊन मोजपट्टीने तपासता येतात, याची यादी करा.